नखाला लागलं, पण किती?

पुण्यातल्या एका शासकीय आयटीआयचं मोटार मेकॅनिकचं वर्कशॉप. बाकावर हेड उतरवलेला चार सिलिंडरचा ब्लॉक आणि भोवती मुलं. त्यातला एक मामाच्या गॅरेजात हात काळे करूनच इथे आलेला. त्याने सिलिंडरमध्ये बोट घालून खालून वर नख ओढलं. “सर, कड लागतेय. बोअर गेलाय.”

अगदी बरोबर. वरची रिंग जिथवर पोचते तिथेच भिंत जास्त झिजते. तिथे उष्णता आणि वायूचा दाब सर्वाधिक, तेल कमी, आणि पिस्टन तिथेच क्षणभर थांबून उलटा फिरतो. त्यावरच्या पट्टीला रिंग शिवत नाही, म्हणून पायरी तयार होते.

“किती गेलाय?” सरांनी विचारलं. पोरगं गप्प.

मग डायल बोअर गेज निघालं. मायक्रोमीटरवर मूळ माप धरून शून्य लावायचं, गेज आत सोडून हलकेच डोलवायचं आणि काटा जिथून उलटा फिरतो तो आकडा लिहायचा. वर, मध्ये, खाली. प्रत्येक जागी क्रँकच्या रेषेत एकदा, तिला आडवं एकदा. एका सिलिंडरची सहा मापं, ब्लॉकची चोवीस. आडवं माप बहुधा मोठं निघतं, कारण तिरका कनेक्टिंग रॉड पिस्टनला त्याच बाजूंवर रेटतो. झीज मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर गेली, तर 0.25 की 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, हे या आकड्यांवर ठरतं.

दहावीनंतरचा हा दोन वर्षांचा ट्रेड. सुरुवातीला कानस आणि गुण्या, तेव्हा मुलं वैतागतात. त्यांना इंजिन हवं असतं. शेवटी अखिल भारतीय परीक्षा, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आणि जमल्यास 1961च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप. थिअरी आता संगणकावर पर्याय निवडून होते. गेज डोलवणारं मनगट त्यात कसं तपासणार? ते प्रात्यक्षिकातच दिसतं.

बीएस-6 गाड्यांच्या स्कॅनरचंही हेच. कोड सेन्सरचं नाव सांगतो. बिघाड सेन्सरात की वायरीत, हे मल्टिमीटर लावल्याशिवाय कळत नाही. तरी कोड दिसला की सेन्सर बदलणारे खूप.

मामाकडे बोअर गेज नाही. ब्लॉक थेट बोरिंगवाल्याकडे जातो आणि मापही तोच सांगतो. “यापुढे त्याचं माप मी बघणार,” पोरगं म्हणालं.

“आधी तिसऱ्या सिलिंडरचं परत घे,” सर म्हणाले. “खालचा आकडा वरच्यापेक्षा मोठा कसा आला?”