नवे खाणे

भादव्यात एखाद्या दिवशी भामरागड-एटापल्लीकडच्या गावात शाळा ओस दिसली, तर गुरुजींनी रागावू नये. गावात पंडुम असेल. पंडुम म्हणजे माडिया गोंडांचा सण. आणि भादव्यातला हा सण नव्या दाण्याचा.

नियम साधा आहे, पण कडक. रानात कोसरी किंवा हलके धान पिकून उभे असले तरी देवाला आणि वाडवडिलांना दाखविल्याशिवाय ते कोणी तोंडात घालायचे नाही. उन्हाळ्यात आंब्यासाठीही असेच आहे; त्याला म्हणतात मरका पंडुम. ओडिशातली नुआखाई ठरल्याप्रमाणे भाद्रपद शुद्ध पंचमीला होते. इंग्लंडात जुन्या काळी १ ऑगस्टला नव्या गव्हाचा पाव देवळात नेत. इथे मात्र पंचांग उघडून उपयोग नाही. पीक पाहून गावची जाणती माणसे दिवस ठरवितात.

आता हे दिवस कसले, ते पाहा. कणगी तळाला गेलेली असते. घरात पोरे भुकेली. अशा वेळी हिरव्या लोंब्या खुडण्याचा मोह कोणाला होणार नाही? एकाने खुडले की शेजारीही खुडतो, आणि पुढल्या सालचे बियाणे कच्चेच पोटात जाते. नियमाचे मूळ मला इथे दिसते. गावकरी म्हणतील, देवाचा मान, दुसरे काय!

तेव्हा गुरुजी, मुख्याध्यापकांच्या अधिकारातली एक सुट्टी या दिवसासाठी राखून ठेवा. दिवस कोणता, ते मुलांनाच विचारा. त्यांना आधी कळलेले असते.