वृद्धांचे निवृत्तिवेतन : योजना आणि गरजू यांच्यातील अंतर

वार्धक्य, आजारपण, अपंगत्व व बेकारी अशा प्रसंगी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार नागरिकांना साहाय्य करावे, असे भारतीय राज्यघटनेचे कलम ४१ सांगते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाने या तत्त्वाला देशपातळीवर मूर्त रूप दिले. प्रारंभी ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांस केंद्राकडून दरमहा ७५ रुपये मिळत. २००६ मध्ये ही रक्कम २०० रुपये झाली. २००७ मध्ये दारिद्र्यरेषेखालील सर्व वृद्धांना पात्र ठरविण्यात आले, २००९ मध्ये विधवा व अपंगांसाठी स्वतंत्र योजना आल्या आणि २०११ मध्ये वृद्धांची वयोमर्यादा ६० वर आली. कागदावर योजनेचा विस्तार होत गेला. तरीही अनेक गरजू बाहेरच राहिले. त्याची कारणे समजून घेणे आवश्यक आहे.

पहिली अडचण यादीची आहे. गरीब कोण, हे दारिद्र्यरेषेच्या यादीवरून ठरते. २००२ च्या पाहणीवर आधारलेल्या याद्या पुढे कित्येक वर्षे वापरात राहिल्या. या काळात कुणी विधवा झाली, कुणाचा हातमाग बंद पडला, कुणी तरुण वृद्ध झाला. यादी मात्र तीच राहिली. शिवाय पाहणी कुटुंबाची होते, व्यक्तीची नव्हे. कमावत्या मुलाच्या घरात राहणाऱ्या आईच्या हाती स्वतःचा एक पैसा नसला तरी ती ‘गरीब’ ठरत नाही.

दुसरी अडचण संख्येची आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत देशभरासाठी सुमारे २ कोटी २० लाख लाभार्थींची मर्यादा आहे व ती राज्यांत वाटून दिलेली आहे. त्यामुळे पात्र अर्जदारालाही जागा रिकामी होण्याची, म्हणजे प्रत्यक्षात दुसऱ्या कुणाच्या मृत्यूची, वाट पाहावी लागते. अर्थसाहाय्याचे रूपांतर अशा रीतीने रांगेत होते.

तिसरी अडचण रकमेची आहे. ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा २०० रुपयांवरच थांबला. ८० वर्षांपुढे तो ५०० रुपये आहे. महागाईशी त्याची सांगड नसल्याने २०० रुपयांचे खरे मोल निम्म्याहूनही कमी झाले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ज्याँ द्रेझ यांच्यासह ६० अर्थतज्ज्ञांनी तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांना पत्र लिहून ही रक्कम किमान ५०० रुपये करण्याची मागणी केली होती. उणीव भरून काढण्याचा भार राज्यांवर पडला. तेलंगणाने २०१९ मध्ये ‘आसरा’ योजनेखाली २०१६ रुपये देण्यास प्रारंभ केला. गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांना २००० रुपये मिळू लागले. परंतु गोव्यात त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. मजुरीसाठी बेळगावकडून अलीकडेच गोव्यात गेलेले वृद्ध जोडपे तेथे अपात्र ठरते, आणि मूळ गावी हयातीचा पुरावा देण्यास हजर राहणे त्याला कठीण जाते. एकाच गरिबीचे मोल सीमेच्या अलीकडे व पलीकडे वेगळे होते.

चौथी अडचण कागदपत्रांची आहे. शाळेत न गेलेल्यांकडे वयाचा पुरावा नसतो. शिधापत्रिकेवर ‘शेख’ नावाआधी, आधारपत्रावर नावानंतर. विवाहापूर्वीचे नाव एका ठिकाणी, पतीचे दुसऱ्या ठिकाणी. एवढ्या फरकानेही अर्ज परत येतो. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. केंद्राच्या योजनेत विधवेला ४० वर्षांची व अपंगाला ८० टक्के अपंगत्वाची अट आहे. त्याखालच्यांना फक्त राज्याचाच आधार उरतो.

यावर एक उपाय म्हणजे वेचक निवडीऐवजी सार्वत्रिक तत्त्व. नेपाळने १९९० च्या दशकाच्या मध्यास ७५ वर्षांवरील वृद्धांना उत्पन्नाची चौकशी न करता मासिक १०० रुपये देण्यास आरंभ केला. रक्कम अल्प होती, पण गरिबी सिद्ध करण्याची सक्ती नव्हती. सर्वांना देण्याचा खर्च मोठा, हा आक्षेप रास्त आहे. मात्र आयकर भरणारे व शासकीय निवृत्तिवेतनधारक वगळून उरलेल्यांना पात्र मानले, तर वगळणे सोपे होते आणि सिद्धतेचे ओझे दुबळ्यांवर पडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी अन्नाच्या हक्काच्या प्रकरणात, वृद्धांचे निवृत्तिवेतन प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेपूर्वी देण्याचा आदेश दिला होता. त्यामागील भूमिका स्पष्ट आहे : ही खैरात नसून जगण्याच्या हक्काचा भाग आहे. धोरण बदलेपर्यंत वस्तीतील शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी व सेवाभावी संस्था यांनी नावांतील तफावत दुरुस्त करून देणे, अर्जाची पोच घेणे व नकाराचे कारण लेखी मागणे एवढे केले, तरी अनेक वृद्धांचा अडलेला मार्ग मोकळा होईल.