बाटलीतला वाळा

घरी सुगंधी फवारा करताना बरेच जण पाण्यात तेलाचे थेंब टाकून बाटली हलवतात. थोड्याच वेळात तेल वर तरंगतं, आणि पंपाची नळी तळातून ओढत असल्याने नुसतं पाणीच उडतं. सुगंधी तेल पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून आधी 40 मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 20 थेंब तेल मिसळावं, मग हळूहळू 60 मिलिलिटर पाणी घालावं. आता द्रव बहुधा दुधाळ होतो. मला हा सगळ्यात सुंदर क्षण वाटतो! अल्कोहोल पाण्यात मिसळून जातं, एकटं पडलेलं तेल अतिसूक्ष्म थेंबांत विखुरतं आणि ते थेंब प्रकाश सगळीकडे फेकतात. वापरण्याआधी बाटली हलवायची, एवढंच.

आता तेल कोणतं घ्यायचं? गवती चहाच्या तेलातलं सिट्रल हे सुगंधी द्रव्य हलकं, चटकन उडून जाणारं. वाळ्याच्या मुळांतले रेणू जड; त्यांचा ओल्या मातीसारखा वास तासन्‌तास रेंगाळतो. म्हणून दोन्ही तेलं निम्मी-निम्मी घ्या.

पेटत्या समईजवळ किंवा गॅसजवळ फवारू नका, अल्कोहोल पेट घेतं. घरात मांजर असेल तर हा फवारा नकोच: सुगंधी तेलांतली अनेक द्रव्यं निष्प्रभ करणारी विकरं मांजराच्या यकृतात पुरेशी नसतात.