पोटाचें दुखणें आणि मेंदूचें चित्र

‘सर्व तपासण्या निर्दोष आहेत, कांहींएक झालेलें नाहीं,’ हें ऐकून रोग्यास आनंद व्हावा. परंतु ज्याचें पोट त्या क्षणींही दुखत असतें त्यास तें वाक्य आरोपासारखें वाटतें. घरीं आल्यावर मंडळी म्हणूं लागतात, ‘मनाचे खेळ, दुसरें काय!’ मग परीक्षेच्या दिवशीं वारंवार शौचास जाणारा मुलगा कामचुकार ठरतो, आणि जेवणानंतर पोट धरून बसणारी सून ढोंगी ठरते. हा न्याय कितपत खरा, याचा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मन आणि जठर यांचा संबंध आपणांस नवा नाहीं. पथ्यकर अन्न बेतानें खाल्लें तरी चिंता, शोक, भय, क्रोध व जागरण यांमुळें तें पचत नाहीं, असें चरकसंहितेच्या विमानस्थानांत सांगितलें आहे. पाश्चात्त्य वैद्यकानें हीच गोष्ट प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिली. अमेरिकेंत १८२२ सालीं अलेक्सिस सेंट मार्टिन नामक तरुणास बंदुकीचा बार लागून त्याच्या जठरास कायमचें छिद्र राहिलें. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरानें त्या छिद्रांतून पचनक्रिया न्याहाळली, आणि क्रोधानें जठराचें काम बिघडतें असें १८३३ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें.

याचें कारण शरीररचनेंत आहे. आंतड्याच्या भिंतींत कोट्यवधि मज्जापेशींचें स्वतंत्र जाळें पसरलेलें आहे. बाहेरून येणारे मज्जातंतु तोडले तरी आंतडें अन्न पुढें ढकलण्याचें काम चालूच ठेवतें, हें बेलिस व स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १८९९ सालीं दाखविलें. मेंदू व पोट यांस जोडणारा ‘व्हेगस’ नांवाचा जो मोठा मज्जातंतु आहे, त्यांतील बहुतेक धागे पोटाला हुकूम देणारे नसून पोटाची वर्दी मेंदूकडे नेणारे आहेत.

ही वर्दी मेंदूंत पोंचल्यावर तिचें काय होतें, हें जिवंत माणसांत पाहण्याची सोय मात्र अलीकडची. ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ या विकारांत पोट वारंवार दुखतें, शौचाचा क्रम बिघडतो, पण आंतड्यांत व्रण वा गांठ सांपडत नाहीं. अशा रोग्यांच्या आंतड्यांत लहान फुगा ठेवून तो फुगविला असतां, निरोगी माणसापेक्षां कमी ताणालाच पुष्कळांना वेदना होतात, हें रिची यांनीं १९७३ सालीं दाखविलें. पुढें असाच प्रयोग मेंदूचें चित्र घेत घेत करण्यांत आला. मेंदूचा जो भाग काम करीत असतो तेथें रक्ताचा ओघ वाढतो. चित्रांत दिसतो तो हा फरक. १९९७ सालीं ‘पेट’ पद्धतीनें व २००० सालीं चुंबकीय पद्धतीनें झालेल्या पाहण्यांत, वेदनेचा क्लेश जाणविणाऱ्या भागांत रोग्यांचा प्रतिसाद निरोगी माणसांहून वेगळा आढळला. पहिलींत तो मंद होता, दुसरींत तीव्र. त्यामुळें वाद झाला. परंतु वेदना व भावना यांच्याशीं निगडित भाग अशा रोग्यांत अधिक जागृत होतात, असाच पुढील पाहण्यांचा एकंदर कल आहे.

म्हणजे आंतड्यांतील जी हालचाल इतरांस जाणवतही नाहीं, ती यांस शूळासारखी जाणवते. ही वेदना कल्पित नव्हे. म्हणूनच २०१६ सालीं तज्ज्ञांच्या ‘रोम’ मंडळानें या विकारांस ‘आंतडें व मेंदू यांच्या परस्परक्रियेचे विकार’ असें नांव दिलें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ३३ देशांच्या पाहणींत, शेंकडा ४० हून अधिक प्रौढांस यांपैकीं एखादा विकार असल्याचें आढळलें.

येथें दोन सूचना देणें आम्हांस अवश्य वाटतें. पहिली अशी कीं, हीं चित्रें अनेक रोग्यांच्या सरासरीवरून काढलेलीं आहेत. एकट्या रोग्याच्या मेंदूचें चित्र पाहून या विकाराचें निदान होत नाहीं. त्यासाठीं पैसे खर्चूं नयेत. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. शौचावाटे रक्त जाणें, कारणावांचून वजन घटणें, ताप, पंडुरोग, झोपेंतून उठविणारी पीडा, अथवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेला त्रास, यांस ‘मनाचें दुखणें’ म्हणून स्वस्थ बसूं नये. तत्काळ डॉक्टरांस दाखवावें.

ज्यांच्या बाबतींत अशी शंका उरलेली नाहीं, त्यांस आहारांतील फेरबदल, योग्य औषध व मानसोपचार यांचा उपयोग होतो. मँचेस्टर येथें १९८४ सालीं, इतर उपायांनीं गुण न आलेल्या रोग्यांस संमोहनोपचारानें स्पष्ट आराम पडल्याचें दिसून आलें. घरच्या वडीलधाऱ्यांकडे मात्र एकच काम उरतें, आणि तें बिनखर्चाचें आहे. मुलगा वा सून ‘पोट दुखतें’ म्हणाली तर तें खरें मानावें, ताटावर बसतांना रागें भरूं नये, आणि शौचास किती वेळ लागला याची चवकशी चारचौघांत करूं नये.