औषधांची ऑनलाइन विक्री : संगणकाचे काम आणि वैद्याचे काम

सेलूसारख्या तालुक्याच्या गावी चिकित्सा करीत असता आमचे अनेक रुग्ण नोकरीनिमित्त पुणे-मुंबईस गेले. औषध मात्र येथूनच मागवीत राहिले. प्रथम दूरध्वनीवर मागणी व स्पीड पोस्टाने पार्सल असा क्रम होता. व्याप वाढल्यावर आम्ही संकेतस्थळ उघडले आणि मागणीची नोंद, बिल व साठ्याची वजावट संगणकावर सोपविली. त्या अनुभवावरून काही सूचना वैद्यबंधू व औषधालयचालकांपुढे ठेवीत आहोत.

१) साठा : शार्ङ्गधरांनी चूर्णाची सवीर्यता २ महिने सांगितली आहे, औषध नियमांत मात्र ही मुदत २ वर्षे आहे. म्हणून चूर्णांचा साठा अल्प ठेवावा. प्रत्येक बॅचचा क्रमांक व मुदत संगणकात नोंदवून, ज्याची मुदत आधी संपते तेच आधी बाहेर पडेल अशी योजना करावी.

२) कर व तक्रारी : परराज्यात औषध विकावयाचे असल्यास उलाढाल कितीही अल्प असो, वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक आहे. ई-वाणिज्य नियम, २०२० अन्वये ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते व निवारण १ महिन्यात करावे लागते. पोच संगणक देऊ शकतो. उत्तर आपणच द्यावे.

३) विषद्रव्ययुक्त कल्प : वत्सनाभ, भल्लातक, धत्तूर, पारद, हिंगुळ आदी द्रव्ये अनुसूची ई-१ मध्ये समाविष्ट आहेत. ती असलेली औषधे नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी घेतल्यावरच ऑनलाइन विकावीत, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली ई-वाणिज्य कंपन्यांस बजावले. त्रिभुवनकीर्ती, आरोग्यवर्धिनी हे आपले नित्याचे कल्प यातच येतात.

येथे आमची चूक सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते. एका रुग्णास आरोग्यवर्धिनी ३० दिवसांपुरती दिली होती. दरमहा आपोआप औषध रवाना होण्याची सोय आम्हीच केलेली. त्यामुळे ४ महिने पार्सल जात राहिले. औषध येते त्याअर्थी वैद्यांनी चालू ठेवले आहे, असे समजून रुग्णाने ते घेतले. सुदैवाने अपाय झाला नाही. परंतु संगणकाने आमची आज्ञाच पाळली होती, दोष आमचा होता.

आता अशा कल्पांपुढे आम्ही खूण केली आहे. मागणी आली की ती थांबते. चिठ्ठीवरील दिनांक व कालमर्यादा पाहून, गरज भासल्यास रुग्णाशी बोलून, मगच वैद्य ती मोकळी करतो. यात एखादा दिवस जातो व काही ग्राहक दुसरीकडे वळतात, हे खरे. तरीही ज्यांनी अशी सोय केली असेल, त्यांनी आपली दरमहाची यादी एकवार स्वतः तपासावी, ही विनंती.