बंगळूर वार्तापत्र : बेदाणे, बोका आणि साडेतीन पानं

दसऱ्याच्या चार दिवस आधी खालच्या मजल्यावरची मुलगी दारात उभी राहिली. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात पिन मारलेले कागद. "आंटी, हे बोक्यासाठी," म्हणाली. ती मंगळूरची. दसऱ्याला इथली मंगळूरकर मंडळी गावी पळतात, जसे गणपतीला मुंबईतून कोकणातले. मी कागद चाळले. साडेतीन पानं, व्यवस्थित टाइप केलेली, बोका एकच. आमच्या सांगलीच्या घरात एका वेळी तीन-चार मांजरं असायची आणि त्यांच्याबद्दल आजीनं आम्हाला दिलेली सूचना एकच होती, दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवा.

खरं सांगते, थोडा रागच आला. रात्री चष्मा लावून वाचायला बसले. दुसऱ्या पानावर एक वाक्य ठळक केलेलं होतं : पेटीतले लघवीचे गोळे रोज मोजा, दिवसभरात एकही दिसला नाही तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. घरात पाळलेल्या बोक्यांच्या पेटीत जी वाळू घालतात ती ओल लागली की गोळा होते, म्हणून मोजता येतं. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद. ती तुंबली की दीड-दोन दिवसांत जिवावर बेततं. हे मला ठाऊक नव्हतं. कोरडी पेटी बघून मी म्हटलं असतं, गुणी आहे हो, घाण करत नाही! राग तिथेच उतरला.

हे पत्र त्या साडेतीन पानांबद्दल आहे, कारण या शहरात ती घरोघरी दिसायला लागली आहेत.

आमची सोसायटी सर्जापूर रस्त्याला. इथे राहणाऱ्यांत मूळ बंगळूरचं कुटुंब शोधावं लागतं. सगळे कुठून ना कुठून नोकरीसाठी आलेले, आई-वडील गावी, भाऊ परदेशात, आणि घरात एक लॅब्रॅडॉर. कुत्र्यांवर या शहराचा फार जीव. २०२२ मध्ये '७७७ चार्ली' हा कन्नड सिनेमा आला, एकलकोंडा तरुण आणि त्याची कुत्री यांची गोष्ट. तो बघून तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई सगळ्यांदेखत रडले, आणि इथे कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. सोसायट्यांनी कुत्र्यांना बंदी घालू नये, लिफ्ट नाकारू नये, असं प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्येच परिपत्रक काढून सांगितलंय. तरी प्रत्येक वार्षिक सभेत लिफ्टवरून भांडण होतंच, तो भाग वेगळा.

अडचण होते ती गावी जाताना. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं सांगलीला जायचं आणि कुत्रा बरोबर न्यायचा, तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत बसवा. काही जण बोर्डिंगमध्ये ठेवतात. पण म्हातारी कुत्री आणि पुष्कळ मांजरं परक्या जागी अन्न सोडतात. मग राहिला एक मार्ग, घरीच कुणाला तरी आणून ठेवायचं. त्याला सगळे 'सिटर' म्हणतात.

मल्लेश्वरमसारख्या जुन्या भागात अजून वेगळं चित्र आहे. तिथे काही वठार शिल्लक आहेत. वठार म्हणजे आपली बैठी चाळ समजा. एक अंगण, ओळीनं घरं, सामायिक नळ. तिथल्या अज्जीला 'नायी नोडकोळ्ळी', कुत्र्याकडे बघा, एवढं म्हटलं की झालं. कुत्रा रोज तिच्याच पायरीवर झोपलेला असतो; त्याचं पथ्यपाणी तिला मालकापेक्षा जास्त माहीत. आमच्या चौदा मजल्यांत समोरच्या दारातला माणूसही गेटवरच्या 'मायगेट' अ‍ॅपच्या यादीत दिसतो तेवढाच ओळखीचा. सिटरला आत सोडायचं तर आधी त्या अ‍ॅपवर तिचं नाव घालावं लागतं. मालक ते विसरतो, विमानात बसून फोन बंद करतो, आणि ती बिचारी गेटवर सिक्युरिटीच्या खुर्चीशेजारी बॅग घेऊन बसते.

अशीच बसलेली एक मुलगी मला भेटली. फोनवर आईशी मराठीत बोलत होती, म्हणून थांबले. निपाणीची. इथे शिकते आणि सुट्ट्यांत लोकांची कुत्री-मांजरं सांभाळते. तिच्याकडून या धंद्याचं जे कळलं ते कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही.

"काकू, सगळी भांडणं 'राहायचं' या शब्दावरून होत्यात बघा," ती म्हणाली. मालकाला वाटतं, ही घरात राहणार म्हणजे चोवीस तास राहणार. तिच्या मनात असतं, रात्री झोपायला यायचं, सकाळी फिरवून, खायला घालून कॉलेजला जायचं. दोघंही खरं बोललेले असतात. आता ती तासच विचारते. कुत्रा जास्तीत जास्त किती वेळ एकटा बसू शकतो? मी दुपारी बाहेर गेले तर चालेल का? फ्रिजमधलं मी खायचं की माझं आणायचं? कामाच्या बाईला सुट्टी दिलीय की ती येणार? किल्ली आणखी कुणाकडे आहे? हा शेवटचा प्रश्न तिनं एका पहाटे मालकाचा मेहुणा थेट हॉलमध्ये उगवल्यावर यादीत घातला.

कॅमेऱ्याचं तर विचारूच नका. पुष्कळ घरांत आता कुत्र्यावर नजर ठेवायला कॅमेरे असतात. कुत्र्यावर ठेवा, पण ज्या खोलीत मुलगी झोपणार तिथला बंद करा आणि बाकीचे कुठे आहेत ते आधी सांगा. एका घरी तिला तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'तू सोफ्यावर जेवतेस का?' तिनं त्याच क्षणी बॅग भरली असती. पण कुत्र्याला कुणाच्या हवाली करणार?

आणि सगळ्यात मोठं खोटं कुठलं, तर 'चावत नाही हो!' "असं म्हणणाऱ्याचाच चावतोय," ती हसून म्हणाली आणि मनगटावरचा वण दाखवला. ताटाला हात लावला तर गुरगुरतो, टोपी घातलेल्या माणसाला धरतो, हे मालकाला माहीत असतं. पण सांगितलं तर सिटर येणार नाही, म्हणून तोंड उघडत नाही. त्यामुळे लसीकरणाची वही बघितल्याशिवाय ही मुलगी आता किल्ली घेत नाही. चावल्यावर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि इंजेक्शनं घ्यायची, ते करावंच लागतं. पण वही बघितलेली असली की रात्री झोप तरी लागते.

एका घरी मुधोळ होता. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही शिकारी जात. आपल्या मराठी सरदारांचीच म्हणायची. मालकानं सांगितलं, एकदम शांत आहे. घरात असतोच तो शांत. पण नजरेच्या टप्प्यात काही पळालं की हा सुटतो, आणि सुटला की माणसाच्या हाती लागत नाही. म्हणून मोकळ्यावर साखळी काढायची नाही, हे एक वाक्य मालकाच्या तोंडून निघालं नव्हतं. बागेत एक खार पळाली. दोन तास ती मुलगी रस्तोरस्ती फिरत होती. शेवटी एका एळनीरच्या, म्हणजे शहाळ्यांच्या, गाडीखाली सापडला.

या शहराचं एक ब्रीद आहे, 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी'. थोडं जमवून घ्या. बसमध्ये तिघांच्या जागेवर चौथा बसताना म्हणतो, घरमालक पाणी नसताना म्हणतो. आपल्या मराठीत 'स्वल्प' आता विरामापुरताच उरलाय; इथे त्याच्यावर शहर चालतं. मला स्वतःला हे ब्रीद आवडतं. फक्त सिटरच्या बाबतीत जमवून घेणारी बाजू कायम एकच असते. विमान चुकलं, एक दिवस जास्त रहा, स्वल्प अ‍ॅडजस्ट. पाहुण्यांचंही कुत्रं ठेवलंय, स्वल्प अ‍ॅडजस्ट. जास्तीच्या दिवसाचे पैसे? तिथे मात्र कुणाला कन्नड आठवत नाही.

आता माझीच गोष्ट सांगते, म्हणजे मी फार शहाणपणाच्या जागेवरून बोलत नाही हे कळेल.

माझी थोरली बहीण जयनगरला राहते. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरला लग्न होतं आणि तिचा बीगल आमच्याकडे आला. मी विचारलं, काही सांगायचंय का? ताई म्हणाली, "तुला काय सांगायचं? आपल्याच घरात चाललाय." पिशवीत त्याचं खाणं, एक चादर, एक फाटका चेंडू. एवढाच दस्तऐवज.

सांगलीकराच्या घरात बेदाणे नाहीत असं कधी होत नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यासाठी मी वाडगाभर काढून ठेवले होते. तो शेपूट हलवत बसला होता, मीच चार दिले. मग पुन्हा चार. मग फोन आला म्हणून आत गेले, आणि परत आले तेव्हा वाडगा चाटूनपुसून स्वच्छ. मला कौतुकच वाटलं. लेकीनं संध्याकाळी ते ऐकलं आणि ती किंचाळलीच. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. कुठल्या कुत्र्याला किती बाधतील याचा नेम नसतो, म्हणून एकही द्यायचा नसतो. रात्री दवाखाना, उलटी करवणं, सलाईन, मग दोन-तीन दिवस रक्ताच्या तपासण्या. तो वाचला. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "सांगितलं नव्हतं का कुणी?"

ताईला हे पक्कं माहीत होतं. तिच्या घरी बेदाण्यांचा डबा वरच्या फळीवर असतो, तो याच कारणासाठी. पण मला सांगणं म्हणजे माझ्यावर अविश्वास दाखवणं, असं तिला वाटलं. मलाही खोदून विचारणं म्हणजे काम अंगावर घ्यायला कुरकुर केल्यासारखं वाटलं होतं. बिल माझ्या नवऱ्यानं भरलं. ताईनं पैसे पुढे केले, आम्ही म्हटलं, आपल्यात कसला हिशोब. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. मग मला वाटलं, विचारायला हवं होतं. तिला वाटलं, मी बेफिकीर. आणि पुढचं वर्षभर आमच्या फोनवर भाजीचे भाव आणि हवापाणी सोडून काही राहिलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण ती सख्ख्या बहिणींतही शिरते.

परवा एका वकील शेजाऱ्यांना हा किस्सा सांगितला, तर त्यांनी मला चक्क १८७२ सालात नेलं. भारतीय करार कायदा त्या सालचा. आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात सांभाळायला दिली तर कोणाचं देणंघेणं काय, हे त्यात कलम १४८ पासून लिहिलंय. कायद्याच्या लेखी कुत्रा ही वस्तूच, त्याला इलाज नाही. पण उदाहरणं बघा! कलम १५० मध्ये एक घोडा आहे. घोडा खोडकर आहे हे मालकाला माहीत असून त्यानं तो न सांगता दिला, घोडा उधळला, घेणारा पडला; भरपाई मालकानं द्यायची. निपाणीच्या मुलीच्या मनगटावरचा वण म्हणजे हेच कलम. कलम १६३ मध्ये गाय आहे. सांभाळायला दिलेली गाय व्याली तर वासरू कोणाचं? मालकाचं; गाईबरोबर परत करायचं.

आपल्याकडे खेड्यात अर्धलीनं शेळी देतात तेव्हा हा प्रश्न उलटा सोडवलेला असतो, करडं निम्मी निम्मी. पण असतो सोडवलेला! शेळी दावणीला बांधण्याआधी पारावर चार माणसांत ठरतं. मेली तर कातडं आणून दाखवायचं इथपर्यंत ठरतं. आपल्या पणज्यांना जे बोलायला लाज वाटली नाही ते आम्हाला फ्लॅटमध्ये वाटते.

आमच्या भांडणाचं कायद्यानं काय झालं असतं, तेही विचारलं. वकील मिशीत हसले. फुकट सांभाळलं असेल तर जरुरीचा खर्च मालकानं द्यायचा, कलम १५८, म्हणजे ताईनं. पण साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी सांभाळणाऱ्यानं घ्यायची, कलम १५१, म्हणजे मी. साधारण शहाण्या माणसाला बेदाण्यांचं ठाऊक असतं का? "सांगलीत की बंगळुरात?" त्यांनी विचारलं.

बोक्याचं सांगायचं राहिलं. पाच दिवस मी गोळे मोजले, वहीत लिहिले, रोज सकाळी दोन फोटो पाठवले. साडेतीन पानांत शेवटी एक परिच्छेद होता : दवाखान्यात न्यावं लागलं तर अमुक रकमेपर्यंत मला न विचारता खर्च करा, त्यापुढे फोन करा, फोन लागला नाही तर बोक्याच्या हिताचं ते करा, पैसे मी देईन. हे वाचून मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. सहाव्या दिवशी फोन आलाच. "आंटी, तिकीट मिळालं नाही. उद्याही बघाल का? नाही म्हणालात तरी चालेल, माझी मैत्रीण येईल." मी म्हटलं, बघते, स्वल्प अ‍ॅडजस्ट. परत आली ती मंगळूरचे बन्स आणि जास्तीच्या दिवसाची म्हणून एक साडी घेऊन. साडी मी परत करणार होते. केली नाही.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन. तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा कोल्हापूर आहे. जरा थांबून, दबक्या आवाजात म्हणाली, "आणून सोडू का त्याला?" मी म्हटलं, आण, पण सगळं लिहून पाठव. पलीकडे शांतता. मग फोन ठेवला गेला. मला वाटलं, झालं, आणखी एक वर्ष गेलं.

रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅप वाजलं. बावीस मुद्दे होते. पहिला होता, '१. बेदाणे नाहीत.' बाविसावा, 'बिल मी देणार. वाद नको.'

मी एकच वाढवून परत पाठवला, '२३. तू किती वाजता येणार, ते घड्याळाप्रमाणे सांग.'

अजून निळी खूण झालेली नाही.