खोट्या आरोपाचे अर्थशास्त्र

चिनी राजदरबाराच्या कथांवर बेतलेल्या दूरचित्रवाणी मालिकांना गेल्या दीड दशकात जगभर प्रेक्षक लाभला आहे. राण्यांचे हेवेदावे, खोजांची कानभरणी, औषधात मिसळलेले विष, दुसऱ्याच्या दालनात गुपचूप ठेवलेली वस्तू आणि मग सम्राटासमोर उभा राहिलेला निरपराध मनुष्य, हा या मालिकांचा ठरलेला साचा होय. २०१८ साली अशाच एका सत्तर भागांच्या मालिकेने, 'यानशी राजवाड्याची कथा' हिने, चीनमध्ये लोकप्रियतेचा उच्चांक गाठला. जानेवारी २०१९ मध्ये 'बीजिंग डेली' या पक्षीय दैनिकाने मात्र अशा मालिकांवर कठोर टीका केली. या कथा ऐषआरामाचे आणि कारस्थानांचे उदात्तीकरण करतात, असा तिचा रोख होता. त्यानंतर काही वाहिन्यांनी अशा मालिकांचे पुनःप्रक्षेपण थांबविले.

ही टीका सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. परंतु तिने रोगाचे निदान मात्र चुकीचे केले. दरबारातील माणसे मुळात दुष्ट असतात म्हणून तेथे खोटे आरोप होतात, असे टीकाकार आणि बहुतेक प्रेक्षक दोघेही गृहीत धरतात. प्रस्तुत लेखकाला हे गृहीतच मान्य नाही. खोटा आरोप ही एक वस्तू आहे. तिला गिऱ्हाईक असते, किंमत असते आणि उत्पादनखर्चही असतो. ज्या व्यवस्थेत किंमत भरपूर आणि खर्च नगण्य असतो, तेथे ही वस्तू मुबलक पिकते. मग पिकविणारा हात कोणाचा, हा प्रश्न गौण ठरतो.

हे ज्या मालिकेने सर्वांत स्पष्टपणे दाखविले, ती २०१५ सालची, इंग्रजीत 'निर्वाणा इन फायर' या नावाने ओळखली जाणारी चौपन्न भागांची मालिका. लेखिका हाय यान यांच्या कादंबरीवर ती आधारलेली असून तिच्यातील राज्य काल्पनिक आहे. बारा वर्षांपूर्वी सत्तर हजारांची एक निष्ठावंत सेना राजद्रोही ठरवून कापून काढण्यात आली. लोकप्रिय ज्येष्ठ राजपुत्राला विषाचा प्याला घ्यावा लागला. पुरावा काय, तर हुबेहूब दुसऱ्याचे हस्ताक्षर वठविलेले एक पत्र. 'ध'चा 'मा' झाल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या मराठी वाचकाला अशा पत्राचे सामर्थ्य समजावून सांगण्याची गरज नाही. या कत्तलीतून वाचलेला तरुण सेनापती नाव आणि रूप बदलून राजधानीत परततो, आणि मालिका पुढे सरकते.

या कटातील खरी मेख पत्रात नाही. ते पत्र सम्राटाला हवे होते, यात ती आहे. कर्तबगार पुत्राची आणि त्याच्या पाठीशी असलेल्या सेनेची त्याला धास्ती वाटत होती. कारस्थान्यांनी त्याच्या मनात संशय निर्माण केला नाही. असलेल्या संशयाला त्यांनी माल पुरविला. मागणी आधी होती, पुरवठा नंतर आला.

इतिहासाचा दाखला

कादंबरीकाराची ही केवळ कल्पना नव्हे. हान वंशातील सम्राट वू याच्या दीर्घ कारकिर्दीत तिचा ऐतिहासिक नमुना सापडतो. हूणसदृश भटक्या टोळ्यांशी चाललेल्या युद्धांनी खजिना रिता झाला, तेव्हा इ. स. पूर्व ११९ मध्ये सम्राटाने व्यापाऱ्यांच्या मालमत्तेवर कर बसविला. दर दोन हजार नाण्यांमागे १२० नाणी असा तो होता, आणि मालमत्तेची नोंद ज्याची त्याने करून द्यायची होती. साहजिकच अनेकांनी ती लपविली. यावर तोडगा म्हणून अशी लपवाछपवी उघडकीस आणणाऱ्यास जप्त मालमत्तेचा अर्धा हिस्सा देण्याची व्यवस्था झाली. मग व्हायचे ते झाले. देशभर चहाड्यांचे पीक आले. समकालीन इतिहासकार सिमा छिअन याच्या नोंदीप्रमाणे मध्यम स्थितीतील आणि त्यांहून सधन व्यापारी बहुतेक बुडाले आणि लोकांनी संचय करणेच सोडून दिले. मिळेल ते खाऊन-पिऊन संपवावे, अशी वृत्ती बळावली. खजिना भरला, पण समाजाची बचत करण्याची प्रवृत्ती मोडली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने याहून बोलके उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

जो भाव व्यापाऱ्यांच्या बाबतीत रूढ झाला, तोच पुढे राजवाड्याच्या उंबरठ्याआत शिरला. वृद्ध सम्राट आजारी पडला आणि आपल्यावर कोणी जादूटोणा करीत आहे, अशा भयाने पछाडला गेला. च्यांग छोंग नावाच्या अधिकाऱ्याकडे चौकशीचे अनिर्बंध अधिकार आले. तापविलेल्या लोखंडाने कबुलीजबाब मिळविण्यात आले. एकाने दुसऱ्याचे नाव घेतले, दुसऱ्याने तिसऱ्याचे, आणि हजारो माणसे मारली गेली. युवराज ल्यू जू याच्याशी च्यांग छोंगचे जुने वितुष्ट होते. उद्या हाच गादीवर आला तर आपली धडगत नाही, हे तो जाणून होता. इ. स. पूर्व ९१ मध्ये युवराजाच्या महालातील जमीन खणून लाकडी बाहुल्या 'सापडल्या'. सम्राट त्या वेळी राजधानीबाहेरच्या महालात होता, आणि पुत्राला पित्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग उरला नव्हता. युवराजाने च्यांग छोंगला पकडून ठार केले. त्यावरून बंडाचा बोभाटा झाला, राजधानीच्या रस्त्यांवर पाच दिवस रक्त सांडले. युवराजाच्या आईने, म्हणजे सम्राज्ञीने, आत्महत्या केली. पळून गेलेल्या युवराजानेही अखेर गळफास घेतला. खोटा आरोप अशा रीतीने स्वतःच स्वतःला खरा ठरवून गेला.

दोन सामान्य अधिकारी

या काळोख्या प्रकरणात दोन माणसे ठळकपणे उठून दिसतात, आणि त्यांपैकी एकही मोठ्या पदावर नव्हता. पहिला त्यान छिअनछ्यू, राजघराण्याच्या मूळ पुरुषाच्या समाधीवरील एक रखवालदार अधिकारी. त्याने युवराजाच्या बाजूने अर्ज लिहिण्याचे धैर्य दाखविले. सम्राटाला सत्य उमगले, च्यांग छोंगच्या कुटुंबाचा संहार झाला आणि मृत पुत्राच्या आठवणीसाठी एक महाल बांधण्यात आला. पश्चात्तापाची वास्तू उभी राहिली, परंतु मेलेली माणसे परतली नाहीत.

दुसरा बिंग जी. जादूटोण्याच्या खटल्यातील कैद्यांवर देखरेख करण्यासाठी त्याची नेमणूक झाली होती. त्या कैद्यांत युवराजाचा तान्हा नातू होता. बिंग जीने त्याला कैदी स्त्रियांकडून दूध पाजून वाढविले. पुढे तुरुंगावर राजतेज दिसत असल्याचे ज्योतिषाने सांगताच, सर्व कैद्यांना मारण्याचा हुकूम घेऊन रात्री दूत आला. बिंग जीने दार बंद केले आणि पहाटेपर्यंत उघडले नाही. निरपराध सामान्य माणसालाही मारू नये, मग हा तर सम्राटाचा पणतू, एवढेच त्याचे म्हणणे होते. तेच मूल इ. स. पूर्व ७४ मध्ये सिंहासनावर बसले. आपल्या या उपकाराची वाच्यता बिंग जीने कित्येक वर्षे केली नाही.

दान नव्हे, फेरतपासणी

एका माणसाच्या धैर्यावर मात्र कोणतीही व्यवस्था विसंबून राहू शकत नाही. 'निर्वाणा इन फायर'चा नायक हे ओळखतो, आणि त्यातच त्याचे वेगळेपण आहे. आपल्या बाजूचा राजपुत्र गादीवर आल्यावर जुना निकाल फिरविणे सोपे होते. तो ते नाकारतो. ज्याच्या कारकिर्दीत अन्याय झाला, त्याच सम्राटाच्या हयातीत, भर दरबारात, फेरतपासणी झाली पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. शेवटी सम्राटाच्या वाढदिवसाच्या समारंभात कबुलीजबाब वाचून दाखविला जातो आणि एकामागून एक मंत्री पुढे येऊन चौकशीची मागणी करतात. सम्राट तलवार उपसतो, पण ती चालविण्याचे बळ त्याच्या हातात उरत नाही. नव्या राजाने दिलेले दोषमुक्तीचे दान हे शेवटी दानच. ते मर्जीने येते आणि मर्जीनेच जाऊ शकते. पुराव्याने मिळालेला निकाल हा मात्र हक्क असतो.

आपल्या कचेऱ्यांत आणि शिक्षणसंस्थांत कोणी विषाचे प्याले पाठवीत नाही. निनावी अर्ज मात्र येतात, वरिष्ठांच्या कानाला लागणारे असतात आणि आरोपाची प्रत न मिळताच बदली झालेली माणसेही असतात. अशा वेळी चुगलखोराच्या स्वभावाची चर्चा आपण चवीने करतो. खरे तर तीन प्रश्न विचारावयास हवेत. आरोप करणाऱ्याला त्यातून काय मिळते? आरोप खोटा ठरल्यास त्याला काय भोगावे लागते? आणि ज्याच्यावर आरोप झाला, त्याला तो वाचून उत्तर देता येते काय? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे जेथे नाहीत, तेथे एक च्यांग छोंग गेला तरी त्याची जागा रिकामी राहत नाही.